मच्छरदाणीतलं एक्स्चेंज

सर्व्हरला मच्छरदाणी लावणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, जिथं पूर्वी फवारणीचे पंप ठेवत, तिथं एका लाकडी टेबलावर जुन्या कॉम्प्युटरचा डबा, शेजारी इन्व्हर्टरची बॅटरी, आणि या सगळ्यावर चार खिळ्यांना बांधलेली गुलाबी मच्छरदाणी. एक कोपरा फाटलेला, निळ्या दोऱ्यानं शिवलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत कोणाचं बाळ झोपलं आहे. मी चपला बाहेर काढल्या आणि पाय न वाजवता आत गेले.

"मोठ्यानं बोल," काकाजी म्हणाले, "ते नाही उठत."

हे काकाजी माझ्या माहेरचे. गावात सगळेच त्यांना काकाजी म्हणत, त्यांच्याहून म्हातारेसुद्धा. माझं माहेर नवेगाव बांधच्या पुढं, जंगलाच्या कडेला. लग्न होऊन मी अर्जुनी मोरगावला आले, तिथं एका हायस्कुलात लिपिक आहे, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझं कॉम्प्युटरचं ज्ञान शाळा सोडल्याचे दाखले छापण्याइतकंच होतं. छापताना कागद अडकला की मी शिपायाला हाक मारत असे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी सर्व्हरबिर्व्हर असे शब्द वापरणार आहे आणि वाचणाऱ्याचा उगीच चांगला समज व्हायचा.

काकाजी टेलिफोन खात्यात होते. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि एक्स्चेंजच्या थंड खोलीत निवृत्त झाले. शेवटच्या काही वर्षांत त्यांना एक्स्चेंजशी बोलायला काळा पडदा आणि कीबोर्ड मिळाला होता. हुकूम टाइप करायचा, एक्स्चेंज दोन ओळींत उत्तर देणार. घरातही ते तसंच बोलत. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तक्रार करायला कोणी नव्हतं.

निवृत्त होऊन गावी आले तर गावात फोनच नव्हता. जुने फोन लोकांनी कधीच परत करून टाकले होते आणि मोबाइलला रेंज हवी तर तलावाच्या पाळीवर जाऊन उभं राहावं लागे. संध्याकाळी पाळीवर माणसं ओळीनं उभी, सगळी एकाच बाजूला तोंड करून, मावळत्या सूर्याला काही तरी ओरडून सांगत असल्यासारखी. काकाजींना ते पाहवेना. चाळीस वर्षं लोकांच्या घरात फोन नेऊन दिला आणि आपल्याच गावची माणसं बोलायला पाळीवर जातात, याची त्यांना लाज वाटली.

कोणी तरी टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर लिहून जगासाठी मोकळं ठेवलं आहे, असं त्यांना कुठून तरी कळलं. मुलीच्या घरचा टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यांनी एसटीच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन आणला. त्याच्यात विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स घातलं, त्याच्यावर ते एक्स्चेंज बसवलं, घरांच्या आढ्यांवरून स्वतः तार ओढली आणि अकरा ठिकाणी तारेच्या टोकाला एकेक छोटा डबा आणि त्याला जुने बटणांचे फोन लावले. अंगणवाडी, गावच्या दुखण्याखुपण्याचं पाहणाऱ्या आशाताईचं घर, जीपवाल्याचं घर, बुद्धविहार, वनरक्षकाची चौकी, आणि म्हाताऱ्या माणसांची काही घरं. बाहेर कुठं लागत नाही, फक्त एकमेकांना. पुढं पंचायतीत इंटरनेट आलं तेव्हा माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनाही मोबाइलमधून आत यायला एक वाट मिळाली.

"ओपन सोर्स" हा शब्द काकाजींनी कधी वापरला नाही. ते म्हणत, "झाकनवालं." खात्यात कार्ड बिघडलं की ते सीलबंद पाठवायचं आणि वाट पाहत बसायचं, याचा त्यांना जन्मभर राग होता. "ज्याचं झाकन आपल्याले उघडता येत नाही, ते यंत्र आपलं नाही," ते म्हणत. "आपन त्याचे."

या झाकणवाल्या दुनियेतली माणसं त्यांना फार आवडली. अडचण इंटरनेटवर लिहून टाकायची आणि जगातल्या कुठल्याशा माणसानं तिचं उत्तर द्यायचं, पैसे नाहीत, ओळख नाही, हे त्यांना खात्यातल्या जुन्या लाईनमन मंडळींसारखं वाटे. ते त्या सगळ्यांना लाईनमनच म्हणत. "काल पोलंडच्या लाईनमनचं उत्तर आलं," असं ते पंचायतीच्या पायरीवर सांगत आणि सरपंच मान हलवत. यांची इंग्रजी पत्रं "आदरणीय महोदय" या थाटानं सुरू होत आणि "आपला नम्र सेवक" इथं संपत. मला वाटतं त्यामुळेच उत्तरं लवकर येत असावीत. एवढ्या नम्र माणसाला कोण ताटकळत ठेवणार.

मच्छरदाणीही त्यातूनच आली. धान निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडल्या, की तुडतुडे दिव्यावर येतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. सर्व्हरचा हिरवा दिवा हाही दिवाच, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या वर्षी दिवाळीच्या आधी एक्स्चेंज रोज दिवेलागणीनंतर बंद पडायला लागलं. काकाजींनी तीन दिवस सगळ्या फाइली वाचून काढल्या, लाईनमन लोकांनी शंभर उपाय सुचवले. चौथ्या दिवशी त्यांनी खरोखरचं झाकण उघडलं तर पंख्यात मूठभर तुडतुडे. त्यांनी ते रंगाच्या ब्रशनं काढले, कागदावर ठेवून फोटो घेतला आणि "कारण सापडले" म्हणून जगाला कळवलं. कोणा एका देशातल्या लाईनमननं लगेच लिहिलं की त्याच्याकडं मुंग्या येतात. काकाजी दोन दिवस खुशीत होते, तिसऱ्या दिवशी त्यांनी मच्छरदाणी बांधली.

माझी भरती तक्रारीतून झाली. आईच्या फोनवर माझाच आवाज मला परत ऐकू येई. आधीच घरात माझा आवाज जास्त, असं आमच्या ह्यांचं मत; तो दोनदा ऐकणं मलाही सोसेना. मी रविवारी गावी गेले आणि काकाजींना सांगितलं.

"तू शाळेत काय करते?" त्यांनी विचारलं.

"दाखले काढते. कॉम्प्युटरवर."

"मंग बस."

मी बसले, ती पुढची दोन वर्षं रविवारी बसतच राहिले.

पहिल्या दिवशी त्यांनी पासवर्ड टाइप करायला सांगितला. मी केला, पडद्यावर काही उमटेना. मला वाटलं बटणं लागत नाहीत, म्हणून मी जोर लावला. मग आणखी जोर लावला. काकाजी शांतपणे पाहत होते. "ते लिहून राहिलं आहे," ते शेवटी म्हणाले, "फक्त तुले दाखवून नाही राहिलं. चारचौघांत आपन तिजोरीची किल्ली नाचवत नाही, तसं." त्यांच्या वहीत प्रत्येक हुकुमाच्या आधी डॉलरचं चिन्ह होतं. ते नुसतं "इथून लिहा" असं सांगणारं चिन्ह आहे हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे मी महिनाभर इमानदारीनं डॉलरसुद्धा टाइप करत राहिले आणि यंत्र मला इमानदारीनं नकार देत राहिलं. एकदा अर्जुनीत बसून फायरवॉल चालू केला, म्हणजे सर्व्हरची नको ती दारं बंद केली, आणि त्यात माझंही दार बंद करून बसले. एसटीनं गावी जाऊन, त्या डब्यासमोर कीबोर्ड लावून ते उघडावं लागलं. काकाजी रागावले नाहीत. "दार लावताना आपन कोन्या बाजूले उभे आहोत ते पाहत जा," एवढंच म्हणाले.

त्यांचा मुख्य नियम हातांचा होता. हुकूम टाइप झाला की दोन्ही हात मांडीवर ठेवायचे, लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं आणि मगच एंटर दाबायचं. यंत्रानं काही विचारलं तरी तेच. मी घरी सराव करताना मांडीवर हात ठेवून पडद्यासमोर काही तरी पुटपुटताना आमच्या ह्यांनी पाहिलं.

"वंदना चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग होऊ दे. चहाचं नंतर पाहू."

हाताखालच्या माणसाशी काकाजी गोड होते, गिऱ्हाईक म्हणून त्यांच्यापुढं उभं राहणं कठीण. कोणी येऊन "नेट बंद आहे" म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. "काय बंद आहे ते सांग. लाईट बंद आहे, का तार बंद आहे, का डबा बंद आहे, का डोकं बंद आहे?" याच क्रमानं तपासायचं, असा त्यांचा आग्रह होता, आणि चौथ्यापर्यंत बरेचदा जावं लागे, असंही ते म्हणत. लाईन दुरुस्त होईपर्यंत कोणाच्या घरचा चहा घ्यायचे नाहीत. "चहा घेतला का मानूस म्हनते, राहू द्या, उद्या पाहा. तिथंच सत्यानाश होते."

एका वर्षी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी गावात नाटक होतं. आवाजवाल्यांना प्लग पाहिजे होता, त्यांनी पंचायतीच्या मागच्या खोलीत जाऊन सर्व्हरचा काढला. बॅटरी संपली आणि अकरा फोन गेले. काकाजी नाटकाला गेलेच नव्हते, त्यांना नाटकातल्या टेलिफोनची चीड. तार न जोडता लोक बोलतात म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणाला काही म्हटलं नाही. प्लगच्या वर पाटी लावली: "हा प्लग काढण्याआधी ज्याच्या घरी दुखणं आहे त्याला विचारून या." तेव्हापासून त्या प्लगला कोणी हात लावला नाही. शिपाई झाडू मारतानाही त्याच्यापासून हातभर लांब राहतो.

हा माणूस एवढा कडक का, ते मला धानाच्या रोवणीच्या दिवसांत कळलं होतं. बांधावर एका बाईला साप चावला. तिला आशाताईकडं आणलं, आशाताईनं जीपवाल्याच्या घरी फोन लावला, जीप पाच मिनिटांत दारात. ती बाई वाचली, तिनं पुढच्या आठवड्यात काकाजींना कोंबडा आणून दिला, तो त्यांनी घेतला नाही, मग तो कोंबडा बरेच दिवस पंचायतीतच राहिला. सगळं गाव कौतुक करत होतं आणि काकाजी त्या दिवसापासून जास्तच गंभीर झाले. "आता लोक भरोशावर राहतीन," ते मला म्हणाले. "आधी साप चावला तं मानूस सायकल घेऊन पळे. आता फोनकडं पळन. अन् फोन बंद असन तं? त्यापेक्षा फोन नसलेला बरा."

नंबर त्यांनी वयाप्रमाणं दिले होते. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या घराला अकरा नंबर, त्याच्याहून लहान असेल त्याला बारा. अकरा सकूबाईला मिळाला आणि बारा माझ्या आईला. दोघींच्या घरात दोनशे पावलांचं अंतर, दोघींचे गुडघे सारखेच गेलेले, आणि सकूबाई आपल्याहून मोठी आहे हे आईला मान्य नाही. "मी रोवायले जाऊन राहिली होती तवा ते पोरगी बांधावर खेळे," असं आई म्हणे. जन्मतारखा दोघींच्याही नाहीत. काकाजींनी दोघींना ऐकून घेतलं आणि निकाल फिरवला नाही. आई त्यांच्याशी दोन महिने बोलली नाही. फोनवरून मात्र बोलायची.

आता जे सांगते ते मी करायला नको होतं. कोणता नंबर कोणाशी किती वेळ बोलला, याची यादी सर्व्हर ठेवतो. काय बोलले ते नाही, फक्त वेळ. ती यादी पाहायची नाही, असं काकाजींनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. पण मला आईची काळजी. एकटी राहते, भाऊ कामासाठी बाहेर, ती अर्जुनीला माझ्याकडं यायला तयार नाही. माझ्या रोजच्या फोनवर तिचा केवढा आधार आहे ते पाहावं, म्हणून मी यादी उघडली. माझ्याशी बोलणं: दोन मिनिटं, दीड मिनिट, दोन मिनिटं. सकूबाईशी: एक तास दहा मिनिटं. दुपारी परत चाळीस मिनिटं. मी यादी बंद केली आणि हा शोध आमच्या ह्यांना सांगितला नाही. त्यांना फार आनंद झाला असता.

मग काकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. वहीतली अक्षरं ते खिडकीशी नेऊन वाचू लागले. मुलगी फुलचूरला असते, गोंदियाच्या लागूनच. तिनं आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं ऑपरेशन ठरवलं आणि नंतर कायमचं तिथंच राहायचं, हेही ठरवलं. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ते मच्छरदाणीच्या बाहेर बसले होते.

"पंधरा दिवस," ते म्हणाले. "पंधरा दिवस हे तुझ्या हाती. मी परत आलो का पाहतो. तुले जमलं असन तं तुझं. नाही तं मी बंद करून जातो. अकरा घरी जाऊन फोन काढून आनतो."

"काकाजी, काऊन बंद करायचं? चालेल तेवढं चालेल."

"चालन तेवढं चालन," ते म्हणाले, "असं असते तेच तं मारते मानसाले."

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "गेला तं जाऊ दे. फोन नव्हता तवा का मी मेली होती?" पण त्या दिवशी तिनं फोनवरची धूळ पदरानं पुसली, ते मी पाहिलं.

आठ दिवस मी एखाद्या तान्ह्या पोराच्या आईसारखी वागले. सकाळ-संध्याकाळ अर्जुनीतून आत जाऊन पाहायचं, अकराच्या अकरा फोन जोडलेले आहेत ना. होते. आठ दिवसांत काहीच बिघडलं नाही, आणि तिथंच माझं बिघडलं. नवव्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मला वाटलं, आता आपण काही नवखे नाही, सर्व्हरला नवी सॉफ्टवेअरं आली असतील तर घालून टाकावीत. हुकूम दिला. ओळी धावायला लागल्या. पाहायला बरं वाटत होतं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमलाही मी ते दाखवलं.

मधेच यंत्र थांबलं आणि त्यानं काही तरी विचारलं. एका फाइलची नवी प्रत आली आहे, तुमची आहे ती ठेवू का नवी लावू, असं काहीसं. आता मी ज्या घरात वाढले तिथं कोणी "गरम भाकर आणू का" म्हटलं तर "आहे तीच बरी" असं म्हणायची पद्धत नाही. वाढणाऱ्याला वाईट वाटतं. एवढ्या लांबून कोणी नवी प्रत पाठवली आहे. हात मांडीवर नव्हते, हातात मुरमुऱ्यांचा डबा होता. मी एका हातानं हो म्हटलं.

ती फाइल म्हणजे काकाजींनी हातानं लिहिलेली अकरा फोनांची यादी होती. तिच्या जागी कोरी करकरीत नवी फाइल बसली, जिच्यात आमच्या गावचं कोणीच नव्हतं. मी पुन्हा आत जाऊन पाहिलं तर जोडलेले फोन शून्य.

मी फुलचूरला मोबाइल लावला. काकाजींच्या मुलीनं उचलला. "बाबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा आहे, त्यांना स्क्रीन दाखवू नका. बोलायचं तर बोला."

"काकाजी, मी मोडलं," मी म्हटलं.

"किती फोन गेले?"

"अकरा."

"बरं झालं. एक गेला असता तं तार पाहा लागली असती. अकराच्या अकरा गेले म्हनजे तूच. त्यानं तुले काही पुसलं होतं?"

"पुसलं होतं."

"तू काय सांगतलं?"

"हो म्हटलं."

तिकडं कुकरची शिट्टी वाजली.

"कायले हो म्हटलं ते मी नाही पुसत," ते म्हणाले. "तू हो म्हटल्यावर ते काय बोललं, ते वाचलं?"

"नाही."

"मंग वाच. यंत्र काही गुमान नेत नाही. जुनं कुठं ठेवलं ते सांगूनच ठेवते. आपनच आयकत नाही." आणि फोन ठेवला.

मुख्याध्यापकांना मी आईची तब्येत सांगितली. अर्धी रजा घेतली, स्कूटी काढली. दुरून दुरुस्त करून चालणार नव्हतं. फोन वाजलेला कानानं ऐकल्याशिवाय दुरुस्ती झाली असं म्हणायचं नाही, हाही त्यांचाच नियम. आणि नवेगाव बांधपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं एकच होतं. धानकापणी सुरू होती. शेतांत माणसं होती, आणि धानात साप असतात.

मागच्या खोलीत जाऊन मी मच्छरदाणीत डोकं घातलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. यंत्रानं दुपारी काय काय केलं त्याची नोंद पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. शिपाई दारात येऊन ऐकत उभा राहिला, त्याला ते काही तरी चांगलं वाचन वाटलं असावं. बरंच वाचल्यावर ती ओळ सापडली. जुनी फाइल टाकलेली नव्हती. तिच्या नावापुढं "जुनी" असा शब्द जोडून तिथंच बाजूला ठेवली होती. मी ती उचलून जागेवर लावली. प्रत्येक अक्षर वाचून एंटर दाबलं. एक्स्चेंज बंद करून पुन्हा सुरू केलं आणि बसून राहिले.

पाच मिनिटांत फोन एकेक करून परत यायला लागले. मी खोलीत तपासणीसाठी ठेवलेल्या, अकरांत न धरलेल्या फोनवरून सगळ्यांना लावत गेले. आशाताईनं उचलला, "काही नाही ना झालं?" असं मीच तिला विचारलं. काही झालं नव्हतं. जीपवाल्याच्या बायकोनं उचलला. विहारात लावला, चौकीत लावला. दहा झाले. आईचा बारा नंबर मात्र कोणी उचलेचना.

लाईट, तार, डबा, डोकं. मी आईच्या घरी धावत गेले. दाराला बाहेरून कडी. आत लाईट होती, तार फळीवरून लोंबत होती, डब्याचा दिवा जळत होता, आणि फोन जागेवर नव्हता. आईही नव्हती.

ती सकूबाईच्या घरी होती. दोघी सपरीत, पुढच्या पडवीत, बसल्या होत्या, मधे चण्याची डाळ निवडायला घेतलेली.

"तू कशी आली वं?" आई म्हणाली.

"आई, फोन कुठं आहे?"

"तांदळात."

"तांदळात?"

"बंद पडला म्हनून टाकला. वल लागली असन. तुह्या भावानं त्याचा मोबाइल नव्हता का ठेवला? तीन दिवस ठेवा लागते."

"मीबी टाकनार होती," सकूबाई म्हणाली, "पन आमच्या सुनबाईनं कोठीले हात नाही लावू देल्ला." शेवटचे शब्द तिनं अगदी हळू म्हटले. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला.

मी फोन चालू झाल्याचं सांगितलं. आई तेवढ्यात उठायला लागली.

"बस ना," मी म्हटलं, "एवढं चालून आलीस. दुपारपासून बोलता आहात ना दोघी?"

"कुठं बोलून राहिलो," आई म्हणाली, "डाळ निवडून राहिलो." आणि तिनं हनुवटीनं स्वयंपाकघराकडं दाखवलं. सकूबाईनं डाळीचं सूप बाजूला सारलं. "जा बाप्पा लवकर," ती आईला म्हणाली, "मले लय सांगाचं आहे."

दोनशे पावलं आई माझ्या खांद्यावर हात ठेवून चालली. फोन तांदळातून काढला, फुंकला, तार लावली. आई खाटेवर नीट बसायच्या आत तो वाजला. तिनं उचलून कानाला लावला, मग हातानं झाकला आणि मला म्हणाली, "तू बाहीर बस थोडी." मी बाहेर बसले. आतून हसण्याचा आवाज येत होता.

काकाजी परत आले ते काळ्या चष्म्यात. मी त्यांना सगळं सांगितलं, मुरमुऱ्यांसकट. तांदळाचं ऐकून हसतील असं वाटलं होतं, ते हसले नाहीत.

"किती वेळ बंद होतं?"

"साडेतीन तास."

"तेवढ्यात कोनाले लागलं असतं तं?"

मी मच्छरदाणीच्या शिवणीकडं पाहत राहिले.

"मी एकदा चौदा तास बंद पाडलं होतं," ते म्हणाले. "गावात कोनाले मालूम नाही. मी सांगतलं का लाईट नव्हती."

हे त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मग ते उठले आणि मला घेऊन अकरा घरी गेले. मला वाटलं, फोन काढायलाच निघाले. पण प्रत्येक दारात त्यांनी एवढंच सांगितलं की आता ही बाई पाहील, काही काम काढायचं असेल तेव्हा ती आदल्या दिवशी सांगेल, आणि तेवढा वेळ जीपवाला घर सोडून जाणार नाही. जीपवाल्याकडून त्यांनी तसं कबूल करून घेतलं. त्या दिवशी अकराही घरी आम्ही चहा घेतला. मला रात्रभर झोप लागली नाही, चहानंच.

आता ते फुलचूरला असतात. त्यांच्यासाठी एक नंबर मी तयार केला, माझ्या हातानं लिहिलेला पहिला. मुलीच्या घरी फोन लावून दिला. तेव्हापासून सगळ्यांत जास्त तक्रारी त्यांच्याच असतात. आवाज बारीक येतो, घंटी उशिरा वाजते, परवा मधेच खरखर आली. "चाळीस वर्षं मी आयकल्या," ते म्हणतात, "आता मले करू दे."

परवा रविवारी मी भाजी टाकत होते तर त्यांचा फोन.

"बाई, बारा नंबर पाऊन तासापासून बिझी लागून राहिला. पाहा जरा, काय झालं."

"काही झालं नाही, काकाजी. आई बोलून राहिली असेल. काही काम होतं का?"

"काम कायले पाहिजे?" ते म्हणाले. "इथं सगळ्याइच्या खिशात फोन आहे, अन् बोलाले कोनी नाही."

"लाईन चांगली आहे," मी म्हटलं. "थोडं थांबा."

"थांबतो," ते म्हणाले, पण फोन ठेवला नाही. "तिचं होईपर्यंत तूच बोल काही तरी."

मी गॅस बारीक केला आणि खुर्ची ओढून बसले.